गुन्हा नाही, पण विवाहही नाही

समलिंगी विवाहाबद्दल भारतात सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज असा, की २०१८ मध्ये कलम ३७७ गेले तेव्हाच अशा विवाहांना मान्यता मिळाली. शिकलेसवरलेले लोकही हे ठामपणे सांगतात आणि त्यामागोमाग ठरलेला प्रश्न येतो : ‘कायदा तर झाला, आता आणखी काय हवे?’

कायदा झालेला नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एवढेच ठरवले, की सज्ञान व्यक्तींनी परस्परसंमतीने, खासगीत ठेवलेले समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. १८६० च्या दंड संहितेतल्या ज्या कलमाखाली तो गुन्हा होता, ते कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नाहीच. पण कोणाला शिक्षा करायची हे फौजदारी कायदा ठरवतो आणि कायद्याने जोडीदार कोण हे विवाहाचे कायदे ठरवतात. एक बदलला म्हणून दुसरा आपोआप बदलत नाही. नवतेजसिंग खटल्यात विवाहाचा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच.

तो प्रश्न पुढे आला २०२३ मध्ये, सुप्रियो विरुद्ध भारत सरकार या खटल्यात. याचिकाकर्त्यांची मुख्य मागणी होती ती १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा अर्थ व्यापक करण्याची. दहा दिवस सुनावणी झाली आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल लागला. विवाह हा घटनेने दिलेला बिनशर्त मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायद्यात न्यायालय फेरफार करू शकत नाही, यावर पाचही न्यायाधीशांचे एकमत झाले. हा कायदा ‘कोणत्याही दोन व्यक्तीं’च्या विवाहाने सुरू होत असला, तरी लगेच पुरुषासाठी २१ आणि स्त्रीसाठी १८ वर्षांची अट येते. घटस्फोटाची काही कारणे फक्त पत्नीला उपलब्ध आहेत, पोटगी पत्नीसाठी आहे, आणि हिंदू जोडप्यांचा वारसा पुन्हा हिंदू उत्तराधिकार कायद्याकडे जातो. एक शब्द बदलला की पाठोपाठ इतरही अनेक कलमे बदलावी लागतील आणि ते काम संसदेचे आहे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. मतभेद झाला तो विवाहाहून वेगळ्या अशा नात्याला मान्यता देण्यावर आणि दत्तकावर. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल त्या बाजूने होते, न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली आणि न्या. नरसिंह विरुद्ध.

या निकालानंतर उलट्या टोकाचा गैरसमज तयार झाला : ‘न्यायालयाने समलिंगी विवाहावर बंदी घातली.’ तेही खोटे आहे. जोडीदार निवडण्याचा आणि एकत्र राहण्याचा हक्क बहुमतानेही मान्य केला आहे. दोन स्त्रियांनी किंवा दोन पुरुषांनी आप्तेष्टांसमोर एकमेकांना हार घातले, तर कोणतेही कलम मोडत नाही. २०१७ च्या अखेरीस, म्हणजे कलम ३७७ अजून लागू असताना, यवतमाळमध्ये दोन पुरुषांचा असा समारंभ झाला होता. विवाह अधिकाऱ्याकडे त्याची नोंद मात्र होत नाही.

नोंद नसेल तर काय बिघडते, असे विचारणाऱ्यांनी एक अगदी सामान्य प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. दोन पुरुष वीस वर्षे एका घरात राहतात. घर आणि ठेवी एकाच्या नावावर आहेत. तो मृत्युपत्र न करता वारला आणि तो हिंदू असेल, तर मालमत्ता आधी त्याच्या आईकडे जाते, ती नसेल तर वडिलांकडे, मग भावंडांकडे. वीस वर्षे बरोबर राहिलेला जोडीदार या यादीत कुठेच नाही.

यावर ‘नॉमिनी करून ठेवा’ असा सल्ला हमखास मिळतो. अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केले, की एलजीबीटीक्यू व्यक्तींना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराला नॉमिनी नेमण्यास कोणतीही आडकाठी नाही. ही सोय उपयोगाची आहे. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. त्याने पैसे स्वीकारायचे, त्यावरचा हक्क वारसांचाच. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी खटल्यात डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा ठामपणे सांगितले. त्यामुळे मृत्युपत्राला पर्याय नाही, आणि मृत्युपत्रालाही नातेवाईक आव्हान देऊ शकतात.

इतर सोयींचेही असेच आहे. केंद्राने २०२४ मध्ये कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रेशन कार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरावे आणि जवळचे नातेवाईक नसतील तर मृतदेहाचा ताबा जोडीदाराला द्यावा, अशा सूचना राज्यांना गेल्या. या सूचना आहेत, कायद्याने दिलेले हक्क नव्हेत. नवऱ्याने बायकोला दिलेल्या भेटीवर तिला आयकर पडत नाही. समलिंगी जोडीदाराला मिळालेली भेट वर्षाला ५० हजार रुपयांच्या पुढे गेली, की ती करपात्र उत्पन्न ठरते. या तरतुदीला एका जोडप्याने २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. दत्तकाच्या २०२२ च्या नियमांनुसार जोडप्याला किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन दाखवावे लागते. एकट्या व्यक्तीला मूल दत्तक घेता येते, पण मग कागदोपत्री पालक एकच. दुसऱ्याने मुलाला कितीही वर्षे वाढवले, तरी त्या मुलावर त्याचा कायदेशीर अधिकार शून्य. ‘आणखी काय हवे’ याचे उत्तर हे आहे, आणि ते माहीत करून न घेता प्रश्न विचारत राहणे अन्यायाचे आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात निकालात निघतात. ‘हे पाश्चात्त्य खूळ आहे’ असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की संबंधांना गुन्हा ठरवणारे कलमच इंग्रजांचे होते. मराठीत या विषयाची चर्चा शतकभराच्या घरात पोहोचली आहे. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’मध्ये समलिंगी संबंधांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली, त्यावरून खटला झाला आणि १९३४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली.

‘ही शहरी उच्चभ्रूंची मागणी’ हा दावा २०२३ मध्ये केंद्र सरकारनेही न्यायालयात केला आणि सरन्यायाधीशांनी आपल्या निकालपत्रात तो खोडून काढला. १९८७ मध्ये मध्य प्रदेशात एकमेकींशी लग्न करून नोकरी गमावलेल्या दोघी पोलीस शिपाई होत्या.

‘हा आजार आहे’ हे जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच नाकारले आहे. समलिंगी व्यक्तीला ‘बरे’ करण्याचे उपचार भारतात २०२२ पासून डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरतात.

‘धर्मगुरूंवर लग्ने लावण्याची सक्ती होईल’ ही भीतीही निराधार आहे. विशेष विवाह कायद्याखालचे लग्न नोंदणी कार्यालयात होते आणि न्यायालयाने सुनावणी याच कायद्यापुरती मर्यादित ठेवली होती. पारलिंगी व्यक्तींना लग्न करता येत नाही, असेही सर्रास सांगितले जाते. पारलिंगी स्त्री आणि पुरुष, किंवा पारलिंगी पुरुष आणि स्त्री, प्रचलित कायद्यांखाली विवाह करू शकतात, हे २०२३ च्या निकालात स्पष्ट आहे.

सगळ्या चळवळीला फक्त विवाहच हवा आहे, हेही खरे नाही. क्विअर स्त्रीवादी गटांतल्या अनेकांचा विवाहसंस्थेवरच आक्षेप आहे. २०२३ मधल्या एका याचिकेत स्वतः निवडलेल्या माणसाला कुटुंब म्हणून मान्यता मिळावी आणि जन्मदात्या कुटुंबाकडून होणाऱ्या हिंसेपासून संरक्षण मिळावे, अशी मागणी होती. घरच्यांनी मुलीला डांबून ठेवणे, मारहाण करणे, ‘हरवल्याची तक्रार’ देऊन पोलिसांकरवी तिला परत आणवणे हे प्रकार न्यायालयांपुढे वारंवार आले आहेत. मे २०२५ मध्ये अशाच एका प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने म्हटले, की कुटुंब उभे करण्याचा विवाह हा एकमेव मार्ग नाही.

शेवटचा गैरसमज, की आता दार कायमचे बंद झाले. पुनर्विलोकन याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या हे खरे आहे, पण त्याने कायदेमंडळाचे हात बांधले जात नाहीत. विवाह हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे संसदेप्रमाणे राज्यांनाही त्यावर कायदा करता येतो. केंद्राच्या कायद्याशी विसंगती आली तर राष्ट्रपतींची संमती लागते. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ रोजी लोकसभेत विशेष विवाह कायद्याच्या दुरुस्तीचे खासगी विधेयक मांडले होते. त्यात दोन पुरुषांसाठी २१ आणि दोन स्त्रियांसाठी १८ ही वयाची अट सुचवली होती, आणि ‘पती’ व ‘पत्नी’ऐवजी दोघांनाही लागू होईल असा ‘जोडीदार’ हा शब्द. ते मंजूर झाले नाही आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाल्यावर रद्दबातल झाले. तसे विधेयक पुन्हा मांडायला कोणत्याही न्यायालयाच्या परवानगीची गरज नाही.