विद्यार्थी आणि फळफळावळ

पुण्यासारख्या शहरीं शिकावयास राहिलेल्या विद्यार्थ्याचा महिन्याचा हिशेब पाहिला, तर त्यांत खोलीचें भाडें, खाणावळीचे पैसे व पुस्तकें हीं सांपडतात. फळांचें सदर मात्र बहुधा कोरेंच असतें. कारण विचारावें, तर "फळें परवडत नाहींत" हें ठरलेलें उत्तर. जरा खोदून विचारलें म्हणजे कळतें कीं, त्याच्या मनांत फळ म्हणजे सफरचंद! आजाऱ्याच्या उशाशीं ठेवावयाचें हें फळ आपण सर्वांनींच थोर मानिलें आहे, आणि वसतिगृहांतल्या मुलास भेटावयास जातांना आईबापही तेंच घेऊन जातात.

सफरचंदाशीं माझें वैर नाहीं. परंतु हिशेब तो हिशेब. १०० ग्रॅम सफरचंदांत क जीवनसत्त्व अवघें ५ मिलिग्रॅमच्या आसपास. संत्र्यांत तें ५० च्या घरांत. आणि आपल्या साध्या पेरूंत २०० च्याही वर! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२० सालीं प्रौढ पुरुषाची दिवसाची गरज ८० मिलिग्रॅम धरिली आहे. म्हणजे मध्यम पेरूचा अर्धा भागही पुरेसा होतो. आवळा तर पेरूच्याही पुढें जातो.

येथें खाणावळीच्या ताटाचा विचार करणें अवश्य आहे. त्या ताटांतील भाजी फार वेळ शिजलेली, आणि क जीवनसत्त्व उष्णतेनें नष्ट होणारें. शिवाय डाळ, भाकरी, पालेभाजी यांतील लोह शरीरांत सहजासहजीं शोषलें जात नाहीं. त्याच जेवणाबरोबर क जीवनसत्त्व पोटांत गेलें, तर तें अधिक शोषलें जातें. म्हणून पेरूच्या चार फोडी जेवणाला जोडूनच खाव्या. चहा मात्र जेवणास लागून घेऊं नये. तो लोहाच्या शोषणास अडथळा करितो. घरापासून दूर राहणाऱ्या मुलींनीं तर याकडे विशेष लक्ष द्यावें, कारण रक्तांतील लोहाची उणीव त्यांच्यांत अधिक आढळते.

आतां खरेदी. ऋतूचें फळ तेंच स्वस्त फळ. वैशाख-ज्येष्ठांत करवंदें व जांभळें, पावसाळा सरतांना पुरंदराकडील सीताफळें, थंडींत पेरू, आवळे आणि बोरें. केळीं व पपई बाराही महिने. मंडईंत दिवस मावळतांना जावें. उरलेला पिकला माल विक्रेत्यास दुसऱ्या दिवसासाठीं ठेवणें परवडत नाहीं, आणि घासाघीस करण्याची लाज विद्यार्थ्यानें तरी बाळगूं नये. सालीवर ठिपके पडलेलें केळें पाहून नाक मुरडणारे पुष्कळ. वास्तविक त्यांतील पिठाची साखर झालेली असते, एवढेंच. बुरशी धरलेलें फळ मात्र फुकट मिळालें तरी नको.

सदर संस्थेच्या मार्गदर्शनाप्रमाणें दिवसास १०० ग्रॅम फळें पुरेत. एवढ्यासाठीं रसाच्या दुकानांत पैसे मोडूं नयेत. तेथें चोथा टाकून देतात, वर साखर घालतात, आणि दाम फळाहून अधिक! रस्त्यावर उघड्या ठेवलेल्या कापलेल्या फोडींपेक्षां एका खोलींतील चौघांनीं मिळून एक पपई आणावी, स्वच्छ धुवावी, आणि चिरल्यावर त्याच बैठकींत संपवावी.