मुसीच्या उगमाशी एक रात्र

एका रविवारी मिस्सा आटोपून मी देवळाच्या पायऱ्या उतरत होतो, तोच धर्मग्रामातील एक माउली पुढे आली व दाटलेल्या कंठाने म्हणाली, “फादर, पोराला पक्क्या छपराखाली निजता यावे म्हणून आम्ही दोघांनी जन्मभर शेतात हाडे झिजवली. आता तो हैदराबादेला चांगल्या नोकरीला लागला, आणि सुट्टी मिळाली की पैसे खर्चून रानात भुईवर निजायला जातो! रविवारची मिस्सा बुडते ती वेगळीच. तुम्ही त्याला चार शब्द सांगा.”

तिचे म्हणणे मला पटले. पुढे जानेवारी महिन्यात कामानिमित्त हैदराबादेस जाण्याचा योग आला, तेव्हा त्या तरुणाची मुद्दाम भेट घेतली. त्याने माझे बोलणे मान खाली घालून ऐकले आणि शेवटी नम्रपणे म्हणाला, “फादर, उपदेश जरूर करा, पण आधी एकदा आमच्याबरोबर चला.” रविवारी सायंकाळची मिस्सा चुकवायची नाही, एवढ्या एका अटीवर मी होकार दिला.

हैदराबादच्या पश्चिमेस सुमारे ऐंशी किलोमीटरवर, विकाराबादजवळ, अनंतगिरीचे डोंगर आहेत. दाट झाडी, लाल माती आणि अनंतपद्मनाभाचे पुरातन मंदिर ह्यांमुळे हे स्थान त्या भागात सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याचे खरे महत्त्व असे की, हैदराबाद शहरामधून वाहणारी मुसी नदी येथेच उगम पावते. शनिवारी दुपारी आम्ही पाच जण तेथे पोहोचलो. राखीव जंगलात वनखात्याच्या अनुमतीवाचून मुक्काम करता येत नाही. म्हणून रीतसर परवानगी मिळालेल्या जागीच तंबू उभारला. कोरड्या ओहोळाच्या पात्रात नव्हे, आणि वाळलेल्या फांदीखालीही नव्हे, एवढे शहाणपण ह्या मुलांच्या अंगी होते. पिण्याचे पाणी त्यांनी घरूनच आणले होते. मी सवयीने तीन दगड मांडू लागलो, तेव्हा मात्र त्यांनी मला थांबविले. त्या दिवसांत रानात वाळक्या पानांचा थर पडलेला असतो. एक ठिणगी उडाली तरी अवघा डोंगर पेटू शकतो, आणि राखीव जंगलात आग लावणे हा कायद्याने गुन्हाही आहे. तेव्हा चूल न पेटविता आम्ही बरोबर आणलेल्या भाकरी व चटणी आनंदाने खाल्ली.

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांना ह्यात नवल वाटणार नाही. आपले वाडवडील खळ्याच्या राखणीस आभाळाखालीच निजत. पीक उभे असता शेतातील माळ्यावर कित्येक रात्री काढीत. त्यांना तो विरंगुळा नव्हता, कष्टाचा भाग होता. परंतु ज्या तरुणाचा सारा दिवस बंद खोलीत, काचेच्या पडद्यासमोर जातो, आणि ज्याच्या शहरात रात्र कधी पुरती काळोखी होत नाही, त्याला काळोख हीदेखील एक देणगी वाटते. त्या रात्री मृग नक्षत्र माथ्यावर आले, त्यामागे व्याध झळकू लागला, आणि आमची बोलणी आपोआप थांबली. थोड्या वेळाने त्या माउलीच्या मुलानेच रोझरीस आरंभ केला. कोणी सुचविले नव्हते. शहरातल्या खोलीत आपण रोझरी कधी म्हणत नाही, हेही त्यानेच नंतर सांगितले.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यास ह्याचे आश्चर्य वाटू नये. आब्राहाम तंबूत राहणारा होता. मम्रेच्या झाडांपाशी त्याने तीन पाहुण्यांचे स्वागत केले ते तंबूच्या दारातच. देवाने इस्राएल लोकांना वर्षातून सात दिवस झाडांच्या डहाळ्यांच्या मांडवांत राहण्याची आज्ञा दिली, ती पक्की घरे मिळाल्यावर त्यांनी वनवासाचे दिवस विसरू नयेत म्हणून. प्रभू येशूनेही थकून आलेल्या प्रेषितांना निर्जन स्थळी विसावा घेण्यास बोलाविले. परंतु त्या रात्रीपासून माझ्या मनात घर करून राहिला तो अनुवाद ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायातील एक साधा नियम. छावणीत राहणाऱ्याने बाहेर जाताना खणण्याचे हत्यार बरोबर न्यावे, खड्डा करावा व आपला मळ मातीने झाकावा, असे तेथे सांगितले आहे. कारण परमेश्वर छावणीतून फिरत असतो. ह्या मुलांच्या सामानात एक खुरपे होते ते नेमके ह्याच कामासाठी! पाण्यापासून दोनशे फूट दूर, वीतभर खोल खड्डा आणि वर माती, हा त्यांचा शिरस्ता मोशेच्या नियमशास्त्राशी जुळतो, हे ऐकून ती सारी मनसोक्त हसली.

सकाळी मात्र हसू मावळले. जवळच्या ओहोळाकाठी आमच्या आधी येऊन गेलेल्या कोणी जेवणाच्या पत्रावळी, फुटक्या बाटल्या आणि खाऊची चकचकीत पाकिटे टाकली होती. एका झाडाच्या बुंध्याशी विझलेल्या शेकोटीची काळी खूण होती. मी म्हणालो, “चला, हे आपले नव्हे.” तो तरुण पोते उघडीत म्हणाला, “फादर, पाणी तर आपलेच आहे ना?” आणि चौघेही वेचू लागले. मी त्यांना उपदेश करावयास आलो होतो. तो मीच ऐकून घेतला.

त्याच्या बोलण्यात किती अर्थ आहे पाहा. अनंतगिरीवर पडलेला पाऊस मुसीने खाली उतरतो व हैदराबादच्या वेशीवर गंडीपेठच्या तलावात साठतो. २८ सप्टेंबर १९०८ रोजी ह्याच नदीने शहरात हाहाकार माजविला होता. हजारो माणसे प्राणास मुकली. अफजलगंज भागातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे जणांनी जीव वाचविला, असे सांगतात. त्या प्रलयानंतर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांच्या योजनेवरून पुराला आवर घालण्यासाठी दोन जलाशय बांधण्यात आले : मुसीवरील उस्मानसागर १९२० साली, आणि तिची उपनदी ईसी हिच्यावरील हिमायतसागर १९२७ साली. गंडीपेठचा तलाव तो हाच उस्मानसागर. पिढ्यान्‌पिढ्या शहराने त्याचे पाणी प्यायले. डोंगरावरील झाड तोडणारा आणि ओहोळात घाण टाकणारा मनुष्य आपल्या ओळखीचा नसतो. तथापि त्याच्या करणीचे फळ खालच्या माणसाच्या घागरीत उतरते. शेजारधर्म केवळ शेजारच्या घरापुरता नाही, तो पाण्याच्या वाटेने दूरवर जातो.

परतीच्या वाटेवर त्यांच्यातील एक जण म्हणाला, “पुढच्या खेपेस अमराबादच्या जंगलात जाऊ. सरकारी जमीन म्हणजे आपणा सर्वांचीच. तिथे परवानगी कशाला?” हा विचार वरवर पाहता न्यायाचा वाटतो. परंतु हैदराबादच्या दक्षिणेस, नल्लमलाच्या डोंगररांगांत पसरलेले अमराबादचे अरण्य हे व्याघ्र राखीव क्षेत्र आहे. त्यातून श्रीशैलमला जाणारा रस्तादेखील रात्री वाहनांस बंद ठेवतात. शिवाय ते अरण्य निर्मनुष्य नाही. मध, कंद व डिंक गोळा करून राहणाऱ्या चेंचू लोकांचे ते घर आहे. निजामाच्या राज्यात क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेंडॉर्फ ह्या मानवशास्त्रज्ञाने त्यांच्यात राहून अभ्यास केला, व त्यांच्याविषयीचा त्याचा ग्रंथ १९४३ साली प्रसिद्ध झाला. आपण ज्याला ओसाड रान म्हणतो ते कोणाचे तरी अंगण असते. गावचे गायरान सर्वांचे असते. म्हणूनच ते एकट्याला नांगरता येत नाही, हे कोणत्याही शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. जे सर्वांचे, ते विचारून वापरावे आणि होते तसे परत ठेवावे.

अशा सहलींकडे ख्रिस्तसभेने कधी संशयाने पाहिलेले नाही. संत दुसरे जॉन पॉल तरुण धर्मगुरू असताना पोलंडमधील विद्यार्थ्यांना घेऊन डोंगरांत व तळ्यांवर जात. साम्यवादी राजवटीत धर्मगुरूंना असे करण्यास मनाई होती, म्हणून ते साध्या वेषात असत व मुले त्यांना ‘काका’ म्हणत. पालथ्या घातलेल्या होडीची वेदी करून ते मिस्सा अर्पण करीत. १९५८ साली आपण बिशप नेमले गेल्याचे त्यांना कळले, तेही अशाच एका नौकासहलीत. ट्यूरिनचा गिर्यारोहक तरुण पिएर जॉर्जो फ्रासाती, जो गरिबांची सेवा करीत अवघ्या चोविसाव्या वर्षी १९२५ साली निवर्तला, त्याला पोप चौदावे लिओ ह्यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद बहाल केले. डोंगर त्याला प्रिय होता. पण डोंगरासाठी त्याने मिस्सा टाकली नाही.

येथेच त्या माउलीची तक्रार खरी होती, आणि ती मी त्या मुलापुढे स्पष्ट शब्दांत मांडली. शनिवारी सायंकाळच्या मिस्सेने रविवारचे कर्तव्य पार पडते; ज्याला पहाटे निघावयाचे आहे त्याने तसे करावे. ज्याला रविवारी परतावयाचे आहे त्याने सायंकाळची मिस्सा गाठावी. ज्याने तारे निर्माण केले त्याच्याकडे पाठ फिरवून ताऱ्यांकडे पाहण्यात काय अर्थ? त्याने वाद घातला नाही. त्या सायंकाळी मळक्या कपड्यांनी, शेवटच्या बाकावर, आम्ही पाचही जण गुडघे टेकून होतो. वेचलेल्या कचऱ्याचे पोते बाहेर गाडीत होते.

गावी परतल्यावर मी त्या माउलीला म्हणालो, “बाई, तुमचा मुलगा वाया गेलेला नाही. तो तुमच्याच खळ्यावर निजायला जातो आहे. फक्त खळे दूर आहे.” ती काही बोलली नाही, पदराने डोळे पुसून हसली. पुढील सुट्टीत तो आपल्या मित्रांना घेऊन गावी येणार आहे. त्यांना वडिलांच्या शेतातील माळ्यावर एक रात्र काढावयाची आहे.

आईबापांनो, तुमचीही मुले शहरांतून अशी येतील. त्यांना हसू नका. वारा कोणीकडून वाहतो, साप कोठे दडतो, झऱ्याचे पाणी कसे राखावे, हे ज्ञान तुमच्यापाशी आहे व त्यांना ते हवे आहे. ते द्या; आणि रात्री निजण्यापूर्वी त्यांच्यासह रोझरी म्हणा. देव आपल्या छावणीतून फिरतो. त्याला आपले अंगण स्वच्छ दिसो.