गच्चीवरचे पाणी गटाराऐवजी वाफ्यात

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्याच्या दक्षिण भागात झालेल्या मुसळधार पावसाने आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजच्या बाजूने वाहत येणारा हा ओढा वाटेवरच्या सोसायट्या व वस्त्यांमध्ये घुसला. सीमाभिंती कोसळल्या, मोटारी वाहून गेल्या आणि शहर व परिसरात २० हून अधिक जणांचे प्राण गेले. ओढ्यातील अतिक्रमणांची त्यानंतर पुष्कळ चर्चा झाली. ओढ्यात इतके पाणी इतक्या लवकर येते कोठून, हा प्रश्न मात्र काहीसा मागे पडला. डोंगरउतारावरून येणारा लोंढा मोठा असतो, हे खरेच. परंतु शहरातल्या पाण्याचा प्रवास सुरू होतो तो घरोघरच्या गच्चीवर.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी जमते. म्हणजे १०० चौरस मीटरच्या गच्चीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाल्यास ५,००० लिटर पाणी, जवळजवळ अर्धा टँकर, पाइपातून खाली येते. खाली पेव्हिंग ब्लॉक, पुढे सिमेंटचा रस्ता. मुरायला जागाच नसल्याने ते काही मिनिटांत गटारात पोचते, आणि शेजारच्या शंभर गच्च्यांचे पाणीही नेमके त्याच वेळी तेथे आलेले असते.

पावसाळी गटाराची क्षमता वर्षभरात किती पाणी वाहते यावर नव्हे, तर एका तासात किती येते यावर ठरते. मुंबईतील जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी, तीही ओहोटीच्या वेळची, आखलेली होती. आणि पावसाचे निम्मे पाणी जमिनीत मुरेल, असे त्यात गृहीत धरले होते. पुढे जमीनच झाकली गेल्याने ते गृहीतक कागदावर उरले.

अमेरिकेतील ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरापुढे वेगळी अडचण होती. तेथील जुन्या भागात सांडपाणी व पावसाचे पाणी एकाच वाहिनीतून जाते. पाऊस पडला की वाहिनी भरून मैला थेट विलामेट नदीत जाई. शहराने प्रचंड भुयारी वाहिन्या बांधल्या. सुमारे १.४ अब्ज डॉलरचे हे काम २०११ मध्ये संपले. पण त्याच्या जोडीला १९९० च्या दशकापासून एक अगदी साधा कार्यक्रमही चालवला. छताचा पाइप वाहिनीपासून तोडायचा आणि त्याचे तोंड अंगणातील मातीकडे वळवायचे. हे काम करणाऱ्या घरमालकाला पाइपामागे ५३ डॉलर मिळत. २०११ पर्यंत ५६ हजारांहून अधिक पाइप असे तोडले गेले आणि वर्षाला एक अब्ज गॅलनहून अधिक पाणी वाहिन्यांत जायचे थांबले.

अर्थात पोर्टलंडचा पाऊस रिमझिम आणि रेंगाळणारा; आपला धो धो कोसळणारा. तेथील यश येथे जसेच्या तसे मिळेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. गच्चीच्या दहा टक्के, म्हणजे १० चौरस मीटरचा वाफा १५ सेंटिमीटर खोल केला, तर त्यात १,५०० लिटर पाणी मावते. वरील ५,००० लिटरांपैकी हा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी भाग आहे. पण तो पहिल्या, सर्वांत गर्दीच्या वेळी गटाराबाहेर राहतो. साध्या सरींचे पाणी तर बहुतेक सारेच मुरते. शिवाय बोअरवेलमध्ये पाणी सोडताना गाळणी अत्यावश्यक असते. येथे मातीच ते काम करते.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. न्हाणीचे पाणी परसातल्या केळी-अळवाला सोडण्याची रीत घरोघरी होती. त्यात भर घालायची ती थोड्या मोजमापाची. जागा जोत्यापासून किमान दहा फूट दूर आणि उताराच्या बाजूला असावी. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाया हलवते, म्हणून तेथे अधिकच सावध राहावे. खाली पार्किंगचा स्लॅब असलेल्या बागेत हा प्रयोग करूच नये. फूटभर खोल खड्डा खणून पाणी भरावे, ते जिरले की पुन्हा भरावे व दुसऱ्या वेळचाच वेग धरावा. कारण उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन पहिले पाणी फसवे शोषून घेते. दुसरे पाणी २४ तासांत जिरले तर जागा योग्य. मुरमाड जमिनीत ते सहसा लवकर जिरते. डासांची भीती अनेकांना वाटते. परंतु अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा लागतो, एका दिवसात आटणाऱ्या पाण्यात ते होत नाही.

पाइपाच्या तोंडाशी दगड रचावेत, नाहीतर पहिल्याच सरीत माती वाहून जाते. झाडे निवडताना पावसाळ्याइतकाच उन्हाळ्याचा विचार करावा. वाळा व कर्दळ चार दिवस पाण्यात उभी राहतात, मात्र कोरड्या महिन्यांत कर्दळीला अधूनमधून पाणी घालावे लागते. वाफ्याच्या खालच्या कडेला सांडवा ठेवून तो पूर्वीच्याच गटाराला जोडावा. अन्यथा जोराच्या पावसात भरलेला वाफा शेजाऱ्याच्या अंगणात रिकामा होतो.