कळ सोसणाऱ्यांचं दुखणं

१९४४ साली दोस्त सैन्य इटलीत अँझिओच्या किनाऱ्यावर लढत होतं, तेव्हा हार्वर्डचे भूलतज्ज्ञ हेन्री बीचर तिथल्या जखमींवर उपचार करत होते. हाडं मोडलेले, छाती-पोटात तुकडे घुसलेले जवान त्यांच्यापुढे येत. बीचर त्यांना विचारत, दुखतंय का, आणि दुखणं थांबायला काही देऊ का? शुद्धीवर असलेल्या या गंभीर जखमींपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी ‘नको’ म्हटलं. १९४६ मध्ये बीचर यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केलं. जखमेचा आकार आणि वेदनेचा जोर यांचं गणित सरळ नसतं, हे त्यातून पुढे आलं. मरणाच्या दारातून सुटून आता आपण घरी जाणार, हे त्या जवानाला कळलेलं असे, आणि त्या जाणिवेचा वेदनेवर परिणाम होत असावा, असं बीचर यांचं म्हणणं होतं.

पण घरी पोचल्यावर काय होतं? मॉर्फिन नाकारणारा जवान निवृत्त होतो, आणि दहा-वीस वर्षांनी वाकून बुटाची नाडी बांधतानाही कंबर धरतो. जखम कधीच भरलेली असते, एक्स-रेमध्ये विशेष काही दिसत नाही, तरी रात्रीची झोप नाही. अमेरिकेत २०१० ते २०१४ या काळातल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत सुमारे ६६ टक्के माजी सैनिकांनी गेल्या तीन महिन्यांत वेदना असल्याचं सांगितलं. सेनेत न गेलेल्यांमध्ये हे प्रमाण ५६ टक्के होतं. तीव्र वेदनेचं प्रमाणही माजी सैनिकांतच जास्त होतं. यातले सगळेच गोळी लागलेले नसतात. पाठीवरचं आणि अंगावरच्या चिलखताचं ओझं, पॅराशूटच्या उड्या, खडबडीत रस्त्यांवर गाडीत बसलेले हादरे यांनी गुडघे, मान आणि कंबर झिजते. शिवाय चिलखत आणि रणांगणावरची वैद्यकीय मदत सुधारल्यामुळे पूर्वी जे वाचले नसते ते आज वाचतात, आणि दुखणं बरोबर घेऊन घरी येतात.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणतं. तिच्यात मज्जासंस्थाच जास्त हळवी झालेली असू शकते. राखणीचं कुत्रं एकदा चोर पाहिल्यावर पानांच्या सळसळीवरही भुंकत राहावं, तसं काहीसं. दुखणं खरंच असतं, ते मनाचे खेळ नसतात. मात्र दर वेळी ते नव्या इजेची खूण असेलच असं नाही. ‘दुखतंय’ आणि ‘इजा होतेय’ या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवणं, हा माजी सैनिकांसाठीच्या वेदना-व्यवस्थापन कार्यक्रमांचा पहिला धडा असतो.

या कार्यक्रमांची मुळंही लष्करी रुग्णालयातच आहेत. सिसिलीजवळच्या एका लहान बेटावर जन्मलेले जॉन बोनिका अमेरिकेत वाढले आणि डॉक्टरकीचं शिक्षण घेताना कुस्त्या खेळून पैसे कमवत होते. दुसऱ्या महायुद्धात वॉशिंग्टन राज्यातल्या मॅडिगन लष्करी रुग्णालयात ते भूलतज्ज्ञ होते. तुटलेल्या हातापायांच्या, नसांना इजा झालेल्या जवानांच्या वेदनेचं कोडं एकट्या डॉक्टरला सुटेना. म्हणून ते मज्जातज्ज्ञ, अस्थितज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ अशा सहकाऱ्यांना एका टेबलाशी बसवून एकेका रुग्णावर बोलू लागले. १९५३ मध्ये त्यांनी वेदनेच्या उपचारांवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि १९६० पासून सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात अनेक शाखांचं एकत्र वेदना-क्लिनिक उभं केलं. कुस्तीने खिळखिळ्या झालेल्या सांध्यांची वेदना त्यांना स्वतःलाही जन्मभर पुरली. त्याच विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी पुढे दाखवलं, की वेदनेभोवतीचं वागणं शिकलं जातं आणि म्हणून बदलताही येतं.

याच धर्तीवर फ्लोरिडातल्या टँपा शहरात, जेम्स हेली माजी सैनिक रुग्णालयात, १९८८ साली जुनाट वेदनेचा पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला. इथे रुग्ण काही आठवडे राहतो. सकाळी चालणं, मग फिजिओथेरपी, पाण्यातले व्यायाम, श्वास आणि शिथिलीकरण, मानसशास्त्रज्ञाबरोबर सत्र, शिवाय झोप आणि औषधं यांवर बोलणं, असा भरगच्च दिवस. पुढे अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने २००९ मध्ये पायऱ्या-पायऱ्यांचं धोरण आखलं. साधं दुखणं नेहमीच्या डॉक्टरने पाहावं, अवघड झालं तर तज्ज्ञांकडे जावं, आणि त्यानेही भागलं नाही तर टँपासारख्या कार्यक्रमात यावं.

असा कार्यक्रम चालवणाऱ्याचं काम नेमकं काय? प्रमुख डॉक्टर असो वा मानसशास्त्रज्ञ, माझ्या मते त्याची खरी कसोटी लागते ती टीमच्या बैठकीत. माजी सैनिक सकाळी फिजिओथेरपिस्टकडून ‘दुखलं तरी थोडं चाला, त्यानं इजा होणार नाही’ असं ऐकतो. दुपारी दुसऱ्या खोलीत कुणी ‘दुखत असेल तर पडून राहा’ म्हणालं, की सकाळची मेहनत वाया. डॉक्टर, नर्स, औषधतज्ज्ञ, समुपदेशक या सगळ्यांच्या तोंडी एकच भाषा यावी यासाठी प्रमुखाला सतत राबावं लागतं. दुसरं काम त्याहून अवघड. दारात आलेला माणूस म्हणतो, मला वेदनेतून मोकळं करा. त्याला आशा न मोडता सांगायचं असतं, की कदाचित दुखणं पूर्ण जाणार नाही, पण त्याने अडवून ठेवलेलं बरंच काही परत मिळवता येईल. हे पटवता आलं नाही, तर उरलेली सगळी सत्रं कोरडी जातात.

इथे सैनिकी शिस्तच आडवी येते. सेनेत दुखणं अंगावर काढणं हा गुण मानला जातो. निवृत्तीनंतरही ती सवय सुटत नाही. हे अगदी जवळून पाहायचं तर शनिवारची सकाळ घ्या. आज जरा बरं वाटतंय, म्हणून माणूस घरामागचं गवत कापायला काढतो. अर्ध्यावर कंबर भरून येते, पण हातात घेतलेलं काम टाकायचं कसं? दात-ओठ खाऊन तो सगळं अंगण उरकतो. रविवारी उठवत नाही, सोमवारही गोळ्यांवर जातो. बुधवारी बरं वाटलं की मागे राहिलेली कामं पुन्हा एका दमात. असं वर्षानुवर्षं चाललं की बरे दिवस कमी होत जातात, आणि शेवटी तो हालचालीलाच भिऊ लागतो. मग स्नायू आणखी दुबळे होतात, मित्र तुटतात, चिडचिड वाढते.

त्यावरचा उपाय ऐकायला फार साधा आहे. घड्याळ लावून काम करायचं. समजा, गवत कापताना तिसाव्या मिनिटाला कंबर बोलू लागते, तर वीस मिनिटांनी थांबायचं, दुखत नसलं तरी थांबायचं, दहा मिनिटं बसायचं, मग पुन्हा वीस मिनिटं. थांबायचं कधी हे दुखण्यानं नव्हे, घड्याळानं ठरवायचं. काही दिवसांनी वीसची बावीस मिनिटं करायची. सैनिकाला हे पहिल्यांदा अपमानास्पद वाटतं, कामचुकारपणा वाटतो. पण गस्तीवर निघालेली तुकडीही ठरावीक अंतराने विसावा घेतेच, ही त्याच्याच अनुभवातली गोष्ट समोर ठेवली की बऱ्याचदा गाडी पुढे सरकते. मानसशास्त्रज्ञ जेनिफर मर्फी आणि सहकाऱ्यांनी माजी सैनिक खात्यासाठी जुनाट वेदनेवरच्या मानसोपचाराची जी मार्गदर्शिका तयार केली, तिच्यात या घड्याळी पद्धतीला, झोपेला, आवडत्या गोष्टी पुन्हा सुरू करण्याला आणि ‘आता माझ्याच्यानं काहीच होणार नाही’ अशा विचारांना हाताळण्याला स्वतंत्र जागा आहे.

घरच्यांचा वाटाही मोठा असतो. बायको दर तासाला ‘दुखतंय का हो?’ विचारते, त्याच्या हातातली पिशवी काढून घेते. यात माया असते, पण त्या माणसाचा सगळा दिवस दुखण्याभोवती फिरू लागतो. फोर्डाइस यांचं म्हणणं हेच होतं, की दुखण्याला मिळणारं लक्ष दुखण्याचं वागणं पक्कं करतं. म्हणून चांगल्या कार्यक्रमांत जोडीदारालाही सत्रात बसवतात.

गोळ्यांचा अध्याय टाळून चालणार नाही. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत वेदनेचा आकडा नाडी-तापाप्रमाणे प्रत्येक भेटीत नोंदवायचा, असं माजी सैनिक खात्यानं ठरवलं. हेतू चांगला होता. पण आकडा खाली आणायचा सोपा मार्ग म्हणून अफूच्या जातीची औषधं सढळ हातानं दिली गेली. व्यसन वाढलं, माणसं मेली. २०१३ मध्ये खात्यानं या औषधांना आवर घालणारा उपक्रम सुरू केला, आणि पुढच्या वर्षांत ती घेणाऱ्या माजी सैनिकांची संख्या निम्म्याहून कमी झाली. मिनिआपोलिसच्या माजी सैनिक रुग्णालयातल्या एरिन क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी कंबर, खुबा किंवा गुडघा दुखणाऱ्या २४० जणांवर वर्षभर चाचणी घेतली. २०१८ मध्ये निष्कर्ष आला: अफूजन्य औषधं पॅरासिटामॉलसारख्या साध्या औषधांपेक्षा सरस ठरली नाहीत, उलट दुष्परिणाम जास्त झाले.

म्हणून गोळ्या एकदम बंद कराव्यात का? अजिबात नाही, आणि हे मला ठासून सांगावंसं वाटतं. २०२० मध्ये जवळपास १४ लाख माजी सैनिकांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अफूजन्य औषधं थांबल्यानंतर अतिसेवनाने किंवा आत्महत्येने मरण्याचा धोका वाढलेला दिसला, आणि जितकी वर्षं औषध घेतलेलं तितका तो जास्त होता. डोस हळूहळू, रुग्णाच्या संमतीने आणि आधार हाताशी ठेवून उतरवायचा असतो. टँपामध्ये हे औषध उतरवणं चालणं, पोहणं आणि मानसोपचार यांच्या जोडीने होतं. आधी गोळ्यांवर असलेले आणि नसलेले, दोघेही तिथे सारखेच सुधारले, असं त्यांच्या अभ्यासात दिसलं. वरून आलेल्या फर्मानाने डोस कापणारा कार्यक्रम-प्रमुख कागदावर यशस्वी दिसेल, पण त्याचा रुग्ण घरी एकटा पडलेला असेल.

इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्यांबाबत आणखी एक गुंता असतो. अशा ३४० जणांच्या एका अभ्यासात ४२ टक्क्यांना जुनाट वेदना, युद्धाच्या आघाताचा मानसिक विकार आणि मेंदूला बसलेल्या माराची लक्षणं, ही तिन्ही एकदम होती. फटाका वाजला की छाती धडधडते, स्नायू आवळतात, आणि आवळलेली मान रात्रभर ठणकते. मान एका डॉक्टरकडे आणि मन दुसऱ्याकडे असं वाटून दिलं, तर हा माणूस खेटे घालूनच थकतो.

गेलेल्या अवयवाची वेदना तर आणखी विलक्षण. पाय कापलेला असतो, पण त्या नसलेल्या पायाची बोटं मुडपल्यासारखी दुखतात. अमेरिकी यादवी युद्धातल्या जखमींमध्ये डॉक्टर वेअर मिचेल यांनी हे बारकाईनं पाहिलं होतं. मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी सुचवलेला आरशाचा उपाय वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात तपासला गेला. दोन पायांमध्ये आरसा उभा ठेवायचा, शाबूत पाय हलवायचा, आणि आरशात दिसणारा पाय म्हणजे आपला गेलेला पाय समजून पाहत राहायचं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या लहानशा चाचणीत आरशात पाहून सराव केलेल्या सर्वांची वेदना कमी झाली.

महाराष्ट्राला हे विषय परके नाहीत. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून पाय गमावलेल्या जवानांना उभं करतं आहे. खडकीत, मज्जारज्जूला इजा झालेल्या जवानांसाठीचं पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. उपचाराचा भाग म्हणून धरलेल्या पोहण्यानं त्यांना १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदकापर्यंत नेलं. ती त्यांची असामान्य जिद्द होती. सातारा-सांगली-कोल्हापूरच्या गावोगावी निवृत्त होऊन शेती किंवा सुरक्षारक्षकाची नोकरी करणाऱ्या सुभेदार-हवालदारांना मात्र असामान्य व्हावं न लागता मदत मिळायला हवी. २००३ पासून सुरू असलेल्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेचं पॉलिक्लिनिक त्यांच्या हाताशी असतं. तिथे ‘कंबर दुखते’ एवढंच सांगून आठवड्याच्या गोळ्या घेऊन परतण्याऐवजी, जाताना एक वही न्यावी.

त्या वहीत पंधरा दिवस रोज तीन प्रश्नांची उत्तरं शून्य ते दहा अशा आकड्यांत लिहायची. हे प्रश्न एरिन क्रेब्स यांच्याच गटाने तयार केले आहेत, आणि मूळ पद्धतीत ते गेल्या आठवड्याबद्दल विचारतात. सरासरी किती दुखलं? त्या दुखण्यानं जगण्यातला आनंद किती हिरावला? आणि रोजच्या कामात किती अडथळा आणला? तिसऱ्या आकड्यापुढे अडलेलं कामही लिहावं: मोटारसायकलला किक मारता आली नाही, नातवाला उचलता आलं नाही, देवळाच्या पायऱ्या अर्ध्यावर सोडल्या. डॉक्टरांपुढे वही उघडायची ती याच रकान्यापासून, आणि यातलं एक काम पुढच्या महिनाभरात कसं जमवायचं, एवढं त्यांच्याशी बसून ठरवायचं.