‘माझा स्वभावच तापट आहे’ असे म्हणण्याआधी

“डॉक्टर, बीपी बघा यांचं. हल्ली घरात कुणी बोललं की अंगावर येतात.” विटा परिसरात घरातील माणसांकडून अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. सोबत आलेल्या गृहस्थांचे उत्तरही ठरलेले असते, “स्वभाव आहे माझा, पहिल्यापासून.”

स्वतःला ओळखणे म्हणजे फार मोठे चिंतन असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्याची सुरुवात साध्या प्रश्नाने होते: मला राग येतो तेव्हा माझ्या शरीरात काय चाललेले असते? घर, शेती, यंत्रमागाची शेड किंवा दुकान ज्याच्या शब्दावर चालते, त्याने तर हा प्रश्न स्वतःला विचारायलाच हवा. त्याची चिडचिड त्याच्यापुरती राहत नाही. मालक जॉबरवर ओरडतो, जॉबर कामगारावर आणि कामगार घरी जाऊन मुलांवर.

चिडचिडीमागे शारीरिक कारण असू शकते का?

हो. ही कारणे आधी तपासावीत:

- ऐकू कमी येणे: अनेक यंत्रमाग शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त वेळ राहणे कानांसाठी सुरक्षित नाही. वर्षानुवर्षे अशा आवाजात काम केल्यास आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी अक्षरे निसटतात. बोलणे कानावर पडते, पण शब्द कळत नाहीत. मग माणूस मोठ्याने बोलतो आणि समोरच्याला तो रागावल्यासारखा वाटतो. कधी कामगाराला ऐकू गेलेले नसते आणि मालक म्हणतो, “हा मुद्दाम ऐकत नाही.”
- अपुरी झोप: रात्रपाळी, बदलत्या पाळ्या किंवा घोरताना श्वास अडकणे यांमुळे झोप पूर्ण होत नाही. अशा वेळी संयम लवकर सुटतो.
- साखर कमी होणे: मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवायला उशीर झाला, तर घाम, थरथर, भूक यांसोबत अचानक चिडचिड होते. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडाने काहीही न देता लगेच रुग्णालयात न्यावे.
- थायरॉइड वाढणे: वजन घटणे, छातीत धडधड, हात थरथरणे आणि चिडचिड एकत्र दिसतात.
- नैराश्य: पुरुषांमध्ये ते रडण्यापेक्षा चिडण्यातून जास्त दिसू शकते.
- दारू आणि तंबाखू: नशा उतरताना किंवा तलफ आल्यावर अस्वस्थता वाढते.

रक्तदाबाचे मात्र उलट असते. तो वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. त्यामुळे ‘राग आला नाही, म्हणजे बीपी ठीक’ असे समजू नका. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर उपचार लागतात.

तपासण्या ठीक आहेत, तरी राग येतो. मग?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला. महाराष्ट्रात तो रुजवण्यात मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. त्याचे सूत्र सोपे आहे: घटनेमुळे थेट राग येत नाही. घटना आणि राग यांच्या मध्ये आपला विचार असतो.

समजा, धागा तुटूनही माग वेळेवर थांबवला नाही आणि कापड खराब झाले. ‘माझे ऐकलेच पाहिजे, याला माझी किंमतच नाही’ हा विचार आला की डोके फिरते. ‘नुकसान झाले, हे वाईटच. पण असे का झाले ते विचारतो’ हा विचार आला तरी नाराजी राहते, पण बोलणे हातात राहते. दुसऱ्या वाटेने गेल्यास कदाचित कळेल, की कामगार सलग दुसरी पाळी करत होता.

गलाई व्यवसायासाठी इथली अनेक माणसे परराज्यात राहतात. त्यांच्या घरीही हेच होते. रात्री फोनवर पैशाचा विषय निघतो. दोघेही दिवसभर दमलेले असतात. हिशेबाचे बोलणे उद्या सकाळी करू, एवढे ठरवले तरी कितीतरी भांडणे टळतात.

घरी काय करावे?

१. दोन आठवडे वही ठेवा. राग आला की वेळ, आदल्या रात्रीची झोप, शेवटचे जेवण आणि मनात आलेला विचार लिहा. ही वही तपासणीला येताना सोबत आणा.

२. शरीराची पहिली खूण ओळखा. कुणाचे जबडे आवळतात, कुणाचे कान तापतात. खूण दिसली की बोलणे थांबवा, पाणी प्या, चार पावले बाजूला जा.

३. विश्वासातल्या माणसाला विचारा, “मी चिडतो तेव्हा तुला कसं वाटतं?” उत्तर ऐका, खुलासा देऊ नका.

४. चूक दाखवायची असेल तर एकट्याला बाजूला घेऊन, शांत जागी सांगा. चूक आपली असेल तर तसेही म्हणा. त्याने मान कमी होत नाही.

५. शेडमध्ये इअरप्लग किंवा इअरमफ वापरा. कापसाचा बोळा पुरत नाही. आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, म्हणून वेळीच श्रवण तपासणी करून घ्या.

डॉक्टरांकडे कधी जावे?

चिडचिड, उदासी किंवा झोपेची तक्रार दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर तपासून घ्या. जीव देण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी मदत घ्या. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत सेवा २४ तास सुरू असते आणि तिथे मराठीत बोलता येते.

घरातल्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची: कारण कोणतेही असो, हात उगारणे सहन करायचे नसते. अशा वेळी आधी सुरक्षित जागी जा आणि ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ क्रमांकावर फोन करा.

‘स्वभावाला औषध नाही’ असे आपण म्हणतो. पण ज्याला आपण स्वभाव समजतो, त्यातले बरेच काही अपुरी झोप, मंद झालेले कान किंवा चुकलेले जेवण असू शकते. त्याला औषध आहे, उपायही आहे.