रेक्लामचं पिवळं पुस्तक

विद्यापीठात जर्मन शिकताना बी-वन या पातळीच्या पुढे गेलं की एके दिवशी शिक्षक पाठ्यपुस्तक बाजूला ठेवायला सांगतात. स्टेशनवर तिकीट काढणारी, घरमालकाला पत्र लिहिणारी, अखंड आनंदी माणसं तिथंच राहतात आणि हातात येतं पिवळंजर्द, कोटाच्या खिशात मावणारं चिमुकलं पुस्तक. लेखक लेसिंग असो, ब्यूखनर असो वा काफ्का, सगळे त्याला ‘रेक्लाम’च म्हणतात. पुण्या-मुंबईत पुष्कळदा त्याची झेरॉक्सच हाती येते, आणि मग तो प्रसिद्ध पिवळा रंगही नशिबी नसतो.

या पुस्तकाचा जन्म साहित्यप्रेमापेक्षा हिशेबातून झाला. 9 नोव्हेंबर 1837 पूर्वी वारलेल्या लेखकांवरचे प्रकाशकांचे हक्क बरोबर तीस वर्षांनी, 1867 मध्ये संपले. गटे, शिलर, लेसिंग एका दिवसात सर्वांचे झाले. लाइपझिगचे प्रकाशक आंटोन फिलिप रेक्लाम टपूनच बसले होते. त्यांच्या ‘युनिव्हर्सल-बिब्लिओथेक’चा पहिला अंक गटेच्या ‘फाउस्ट’चा पहिला भाग, दुसरा अंक दुसरा भाग, तिसरा लेसिंगचा ‘नाथान’. किंमत दोन चांदीचे ग्रोशेन. पुढे याच मालिकेत कालिदासाचं शाकुंतलही जर्मनमधून आलं. 1912 पासून तर स्टेशनांवर नाणं टाकलं की पुस्तक देणारी यंत्रं उभी राहिली. त्यांची घडण केली होती पेटर बेरेन्स या नामांकित वास्तुकारानं.

नाझी काळात हाइनेसारखे ज्यू लेखक यादीतून गेले. गंमत अशी, की नाझीविरोधी पत्रकं लपवायलाही रेक्लामसारखीच वेष्टनं वापरली गेली. इतकं निरुपद्रवी दुसरं काय दिसणार! युद्धानंतर देशासारखंच प्रकाशनही दुभंगलं: एक घर लाइपझिगला, दुसरं श्टुटगार्टला.

शिकणाऱ्याची खरी गाठ पडते ती आतल्या पानांशी. वर्गात बोलायचा भूतकाळ शिकवलेला असतो, पुस्तकात मात्र कथनाचा साधा भूतकाळ पानभर पसरलेला. ‘लाग’ हे रूप शब्दकोशात शोधून उपयोग नाही, त्यामागचं ‘लीगेन’ आधी ओळखावं लागतं. क्रियापदाचा उपसर्ग चार ओळींनंतर अवतरतो आणि तोवर लावलेला अर्थ पार उलटवतो. गौणवाक्यात तर अख्खं क्रियापदच शेवटी. इथं मराठी माणसाला थोडं बरं जातं: क्रियापदासाठी थांबायची त्याला सवय असते आणि तीन लिंगांचं त्याला आश्चर्य वाटत नाही. नामांची लिंगं मात्र जुळत नाहीत, ती पाठच करावी लागतात.

टिपा असतात, पण त्या जर्मन शाळकऱ्यासाठी. ग्रीक देवतेची वंशावळ मिळेल, अठराव्या शतकातल्या नाण्याचं मूल्य मिळेल. ज्या साध्या क्रियापदापाशी आपण अडून बसलोय, त्याबद्दल अवाक्षर नाही. इंग्रजी-फ्रेंच वाचणाऱ्या जर्मन मुलांसाठी रेक्लामनं पानाच्या तळाशी शब्दार्थ असलेली लाल मालिका काढली. ती पाहून आपला जळफळाट होतो. नारिंगी मालिकेत मूळ आणि भाषांतर समोरासमोर असतं, पण तेही जर्मन वाचकाच्या सोयीनं. माझं मत विचाराल तर ही गैरसोय चांगली. पाठ्यपुस्तक विद्यार्थ्याला सतत विद्यार्थी म्हणून वागवतं. रेक्लाम त्याला सरळ वाचक धरतं, मग त्याची तयारी असो नसो. पहिली दहा पानं रडवतात. विसाव्या पानाला लेखकाचे लाडके शब्द ओळखीचे होतात आणि कोश जरा लांब सरकतो.

सेमिनारमध्ये याचा आणखी एक उपयोग कळतो. शिक्षक नुसता पानाचा आकडा सांगतात, क्षणात सगळ्यांची बोटं त्याच वाक्यावर. ज्यानं फुकट मिळाली म्हणून मोबाइलवर भलतीच आवृत्ती उतरवलेली असते, तो शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावत ओळ शोधत बसतो. आणि ती सापडेपर्यंत वर्ग पुढच्या पानावर गेलेला असतो.