हरलेला गुणी संघ आणि त्याची पुनर्बांधणी



हॉकी म्हटली की आपणांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ध्यानचंद उभे राहतात. १९२८ पासून १९५६ पर्यंत ऑलिंपिकमधील हॉकीची सहा सुवर्णपदके ओळीने आपण मिळविली आणि १९६० साली रोमला अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून एका गोलाने हरलो. त्या एका गोलाने देशात केवढी हळहळ झाली! १९६४ साली टोकिओला तोच प्रतिस्पर्धी समोर आला आणि त्याच फरकाने आपण जिंकलो. मधल्या चार वर्षांत आपणांपुढे जो प्रश्न होता, तोच आज मला येथे मांडावयाचा आहे. गुण अंगी असूनही संघ ऐनवेळी हरला, तर त्याचे काय करावे? तो मोडावा, जपावा, की दुरुस्त करावा?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी आपणांस जरा दूर, उत्तर अमेरिकेत नेणार आहे. तेथील हॉकी बर्फावर खेळतात. सुमारे दोनशे फूट लांब आणि पंचाऐंशी फूट रुंद असे गोठविलेल्या पाण्याचे अंगण असते. पायांत धारदार पात्यांचे जोडे असतात आणि चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती असते. एका वेळी गोलरक्षक धरून सहा गडी खेळतात. पण हा खेळ इतका दमविणारा, की पाऊण मिनिट झाले नाही तोच गडी बाहेर येतात आणि ताजे आत उडी घेतात. म्हणून पुढे खेळणाऱ्यांच्या तिघातिघांच्या चार तुकड्या केलेल्या असतात. ही तुकड्यांची गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे आपणांस तिचे काम पडणार आहे.

तेथील मुख्य स्पर्धेत २०१८-१९ साली प्रत्येक संघ आधी ब्याऐंशी साखळी सामने खेळत असे. त्यांतून सोळा संघ बाद फेरीत जातात. तेथे एकाच प्रतिस्पर्ध्याशी सातपर्यंत सामने होतात आणि जो आधी चार जिंकेल तो पुढे जातो. अशा चार पायऱ्या चढल्यावर स्टॅनली चषक हाती येतो. साखळी म्हणजे शाळेतील वर्षभराचा अभ्यास आणि बाद फेरी म्हणजे तोंडी परीक्षा. परीक्षक समोर बसतो आणि नेमके आपल्याला न येणारेच पुनःपुन्हा विचारतो.

आता आपल्या कथेचा नायक. फ्लोरिडा राज्यातील टँपा बे लाइटनिंग हा तो संघ. २०१८-१९ च्या मोसमात त्याने ब्याऐंशीपैकी बासष्ट सामने जिंकले. डेट्रॉइटच्या संघाने १९९५-९६ साली केलेल्या विक्रमाची ही बरोबरी होती. निकिता कुचेरोव्ह याने गोल आणि साहाय्य मिळून १२८ गुण कमावले. स्टीव्हन स्टॅमकोस, ब्रेडन पॉइंट, बचावात व्हिक्टर हेडमन, गोलात आंद्रेई वासिलेव्हस्की, असे एकाहून एक सरस गडी. हे काही पैसे ओतून जमविलेले नव्हते. संघाने हे आपल्याच अंगणात वाढविले होते. कुचेरोव्हला नवोदितांच्या निवडीत सत्तावन्न जणांनंतर आणि पॉइंटला अठ्ठ्याहत्तर जणांनंतर उचलले होते. म्हणजे पारख करणारा डोळाही या संघापाशी होता.

बाद फेरीत पहिलीच गाठ पडली कोलंबस ब्लू जॅकेट्सशी. हा संघ साखळीत टँपापेक्षा तीस गुणांनी मागे होता आणि त्या दिवसापर्यंत बाद फेरीची एकही पायरी त्याने कधी चढली नव्हती. १० एप्रिल २०१९ रोजी पहिला सामना झाला. टँपाने बघता बघता तीन गोल केले. प्रेक्षक निश्चिंत झाले. आणि मग कोलंबसने चार गोल करून सामना जिंकला! दुसरा सामना ५-१, तिसरा ३-१, चौथा ७-३ असे सारे कोलंबसने घेतले. चार सामन्यांत टँपाचे गोल आठ, कोलंबसचे एकोणीस. साखळीत अव्वल ठरलेला संघ पहिल्याच पायरीवर एकही सामना न जिंकता बाहेर पडावा, असे त्या स्पर्धेच्या अलीकडच्या इतिहासात कधी घडले नव्हते.

असा पराभव झाला म्हणजे काय होते, हे सांगावयास नको. सूत्रधाराची मान प्रथम मागितली जाते. कोणी म्हणतो, प्रशिक्षक बदला. कोणी म्हणतो, हे सारे कागदी वाघ. दोनचार बड्यांना विकून टाका. हे बोलणे सर्वस्वी अन्यायाचे होते असेही नाही. हा संघ २०१५ साली अंतिम फेरीत हरला होता. २०१६ आणि २०१८ साली अंतिम फेरीच्या दारात, सातव्या सामन्यात हरला होता. २०१७ साली तर तो बाद फेरीतच नव्हता. ‘यांच्यात पाणीच नाही’ असे म्हणावयास पुष्कळ पुरावा होता.

सरव्यवस्थापक ज्यूलियन ब्रिझबॉ यांना या पदावर येऊन वर्षही झाले नव्हते. प्रशिक्षक जॉन कूपर हे पूर्वाश्रमीचे वकील. २०१३ पासून संघ त्यांच्याकडे होता. ब्रिझबॉ यांनी कूपरना काढले नाही. मुख्य गड्यांपैकी कोणाला विकले नाही. आता आपण विचाराल की, मग त्यांनी केले काय?

त्यांनी आधी रोग कोणता ते पाहिले. वैद्य रोग्याची नाडी बघतो, शेजाऱ्यांचा गलका ऐकत नाही. बासष्ट विजय हा एक पुरावा आणि चार पराजय हा दुसरा. ब्याऐंशी सामने खोटे आणि चार तेवढे खरे, असे कसे म्हणावे? चार सामन्यांत दैवाचाही हात असतो. हेडमन दुखापतीमुळे शेवटचे दोन सामने खेळला नाही. कुचेरोव्हला दुसऱ्या सामन्यातील धसमुसळ्या धडकेबद्दल तिसऱ्यातून बाहेर बसावे लागले. परंतु सारे दैवावर ढकलूनही चालणार नव्हते, कारण चारही सामन्यांत एक गोष्ट सारखी दिसत होती. कोलंबसचे गडी पुढे धावून येत, टँपाच्या बचावाला श्वास घेऊ देत नसत. आणि टँपाचे गडी, तीन गोल हाती असतानाही, नाजूक विणकामाचाच खेळ खेळत राहत. चकती साधेपणाने पुढे लोटून, धक्के खाऊन, एकेक फूट जागा जिंकण्याचा कंटाळवाणा खेळ त्यांच्या अंगवळणी पडला नव्हता. वर्षभर त्याची गरजच पडली नव्हती! फार जिंकणाऱ्याचे हेच दुखणे असते. कुस्तीत ज्याची एकच पकड सर्वांना चीत करते, तो दुसरी पकड शिकतच नाही. आणि ती पकड सोडविणारा भेटला की तो उघडा पडतो.

म्हणजे उणीव कौशल्याची नव्हती. कौशल्याला लागणाऱ्या टेकूची होती.

आता ही उणीव भरून काढणे बोलण्याइतके सोपे नव्हते. या स्पर्धेत प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा असते. २०१९-२० साली ती आठ कोटी पंधरा लाख डॉलर होती. श्रीमंत धन्याला वाटले म्हणून त्याने कोणालाही आणावे, असे होत नाही. घरखर्च ठरलेला असला म्हणजे गृहिणीला तुपाचा डबा आणण्यासाठी दुसरे काही कमी करावे लागते, तसेच येथे. म्हणून जे. टी. मिलर नावाचा चांगला गडी व्हँकूव्हर संघाला देण्यात आला. बदल्यात प्रामुख्याने मिळाला तो नवोदितांच्या निवडीतील पहिल्या फेरीचा एक हक्क. जागा मोकळी झाली, तेव्हा पॉइंटचा नवा करार करता आला. केव्हिन शॅटनकर्क या अनुभवी बचावपटूला बोलावले. नुकताच सेंट लुईसबरोबर स्टॅनली चषक जिंकून आलेला, अंगाने दांडगा पॅट मरून यालाही घेतले. चषक उचलला कसा जातो, हे घरात कोणाला तरी ठाऊक हवे होते.

हिवाळ्याच्या आरंभी संघ अडखळतच होता. नवा धडा गिरवताना जुने अक्षरही बिघडते, याचा अनुभव आपणां सर्वांना असेल. पण व्यवस्थापक डगमगले नाहीत. पुढे ओळीने अकरा सामने जिंकून संघाने आपला नवा विक्रम केला. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिझबॉ यांनी ती चाल केली, जिच्यासाठी मी ही कथा आज निवडली आहे.

त्यांनी ब्लेक कोलमन आणि बार्कली गुड्रो असे दोन गडी मिळविले. हे नामांकित नव्हते. गोलांच्या यादीत त्यांची नावे शिखरावर कधी नसत. परंतु कोपऱ्यात घुसून चकती काढणे, प्रतिस्पर्ध्याला दमविणे, एक गडी कमी असताना गोल न होऊ देणे, ही कामे ते जीव ओतून करीत. या दोघांसाठी ब्रिझबॉ यांनी दोन पहिल्या फेरीचे हक्क दिले आणि आधी निवडलेला एक होतकरू मुलगाही दिला. दोन मजुरांसाठी सोन्याची नाणी मोजली, असे बाहेरच्यांना वाटले. पण दोघांचेही वेतन माफक होते आणि त्यांचे करार पुढच्या मोसमापर्यंत चालणार होते. यानी गूर्ड या चिवट, ठेंगण्या गड्याबरोबर त्यांची तिसरी तुकडी झाली. आता पहिल्या दोन तुकड्यांचे विणकाम अडले, तरी तिसरी तुकडी आत जाऊन रान तुडवून देऊ लागली.

मार्चमध्ये महामारीमुळे सारे थांबले. ऑगस्टमध्ये रिकाम्या प्रेक्षागृहांत बाद फेरी सुरू झाली. आणि योगायोग पाहा, समोर कोलंबसच! ११ ऑगस्ट २०२० रोजी टोरांटोला पहिला सामना झाला. तीन डावांअखेर २-२ अशी बरोबरी. मग जादा वेळ. एक, दोन, तीन, चार आणि पाचवाही डाव! कोलंबसचा गोलरक्षक योनास कोर्पिसालो याने पंच्याऐंशी फटके अडविले, हा विक्रम झाला. अखेर दीडशे मिनिटांहून अधिक खेळ झाल्यावर पॉइंटने गोल केला. तो एक गोल उलट बाजूला झाला असता, तर आज मी हे व्याख्यान देत नसतो, हेही मान्य केले पाहिजे. पण पूर्वी जो संघ तीन गोलांची आघाडी सांभाळू शकला नव्हता, तो दीडशे मिनिटे संयमाने झुंजला, एवढे मात्र कोणाच्या दैवाचे नव्हते. टँपाने ही पायरी ४-१ अशी चढली. पाचव्या सामन्यात दोन गोलांनी मागे पडूनही त्यांनी बरोबरी केली आणि जादा वेळेत पुन्हा पॉइंटनेच निकाल लावला.

पुढे बोस्टन, मग न्यूयॉर्क आयलंडर्स आणि २८ सप्टेंबरला एडमंटन येथे डॅलसचा पराभव करून टँपाने चषक घेतला. कर्णधार स्टॅमकोस दुखापतीमुळे साऱ्या बाद फेरीत तीन मिनिटेही खेळला नाही, पण तेवढ्यात एक गोल करून गेला. शेवटचा सामना २-० असा सुटला. त्यांतील पहिला गोल पॉइंटचा आणि दुसरा कोणाचा? कोलमनचा! पहिला कौशल्याचा म्हणा, दुसरा टेकूचा.

येथे कोणी शंका काढील की, मग काय, हरलेल्या प्रत्येक संघाला हात न लावता दोन कष्टाळू गडी जोडले की झाले? तसे नाही. त्याच फ्लोरिडा राज्यातील पँथर्स संघ २०२२ साली साखळीत अव्वल आला आणि दुसऱ्या पायरीवर टँपाकडूनच ४-० असा हरला. चार सामन्यांत त्यांचे गोल अवघे तीन. त्यांनी प्रशिक्षकपद पॉल मॉरिस यांना दिले आणि ११५ गुण करणारा योनाथन ह्यूबर्डो, बचावपटू मॅकेन्झी वीगरसह, कॅलगरीला देऊन मॅथ्यू कचक याला आणले. पुढच्या वर्षी ते अंतिम फेरीत हरले. २०२४ आणि २०२५ साली मात्र चषक त्यांचाच झाला. म्हणजे मोठी शस्त्रक्रियाही बरोबर ठरू शकते. उलट, बोस्टनने २०२२-२३ मध्ये पासष्ट विजयांचा नवा विक्रम केला, पहिल्याच पायरीवर ते हरले, आणि पॅट्रीस बर्जरॉन व डेव्हिड क्रेची हे दोन जुने आधारस्तंभ निवृत्त झाले. काळाने ज्यांना नेले, त्यांची डागडुजी करता येत नाही.

तेव्हा शस्त्र केव्हा चालवावे आणि औषध केव्हा द्यावे? मला यातून तीन गोष्टी दिसतात. मुख्य गड्यांचे वय पाहावे. टँपाचे पॉइंट, कुचेरोव्ह, वासिलेव्हस्की ऐन उमेदीत होते. हार कशी झाली ते पाहावे. एकाच रीतीने पुनःपुन्हा झाली असेल, तर ती रीत बदलावी, माणसे नव्हेत. आणि तीच माणसे असताना ती बदलणे शक्य नसेल, तरच माणसे बदलावी. तिसरी गोष्ट, निर्णय घेणारा स्वतः शांत असावा. पराभवाच्या दुसऱ्या दिवशी केलेली शिक्षा बहुधा दुरुस्तीसाठी नसते, आपला राग शमविण्यासाठी असते.

टँपाने २०२१ साली पुन्हा चषक जिंकला. पण नंतर वेतनमर्यादेच्या आणि स्पर्धेत आलेल्या नव्या संघाच्या ओढीने गूर्ड, कोलमन आणि गुड्रो तिघेही एकाच उन्हाळ्यात निघून गेले. २०२२ साली टँपा अंतिम फेरीत कोलोराडोकडून हरला. टेकू कायमचा मिळत नसतो. तो दरवर्षी नव्याने शोधावा लागतो.

आपल्याकडे क्रीडामंडळे आहेत, नाटकमंडळ्या आहेत, शाळा आहेत, सहकारी संस्था आहेत. अपयश आल्यावर पहिल्याच सभेत कोणाला काढावयाचे याची चर्चा सुरू होते. पुढच्या वेळी तशी सभा भरली, तर कोणीतरी उठून एवढेच विचारावे, ‘आपण नेमके कशाने हरलो?’ आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत कोणाचेही नाव घेऊ नये. एवढे झाले तरी माझे आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.